बास्किंग शार्क आणि व्हेल शार्क : ओळख जबड्यावरून

दोन्ही मासे अवाढव्य, दोन्ही प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर, जगणारे आणि दोन्ही माणसाला निरुपद्रवी. त्यामुळे बास्किंग शार्क आणि व्हेल शार्क यांची गल्लत होते, यात नवल नाही. आकारावरूनही हा गोंधळ सुटत नाही. व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा असून तो 18 मीटरपर्यंत वाढू शकतो, तर दुसऱ्या क्रमांकाचा बास्किंग शार्क बहुधा 6 ते 8 मीटरांचा असतो. म्हणजे अर्धवट वाढलेला व्हेल शार्क सहज त्याच्याएवढा भरतो. रंग मात्र लगेच उपयोगी पडतो, कारण व्हेल शार्कच्या पाठीवर पांढरट ठिपके असतात आणि बास्किंग शार्क करडा-तपकिरी असतो.

खरा फरक खाण्याच्या रीतीत आहे. बास्किंग शार्कला पाणी ओढून घेता येत नाही. निमुळत्या नाकाखालचा प्रचंड जबडा वासून तो संथपणे पुढे पोहत राहतो, आत शिरलेले पाणी डोक्याला जवळजवळ वेढणाऱ्या कल्ल्यांच्या फटींतून बाहेर पडते आणि कल्ल्यांवरच्या कंगव्यासारख्या दात्यांत प्लवक अडकतात. पोहणे थांबले की जेवणही थांबते. व्हेल शार्कचे रुंद तोंड चपट्या डोक्याच्या अगदी टोकाला असते. तोही तोंड उघडून पोहतो, पण एका जागी उभा तरंगत पाणी खेचून घेणेही त्याला जमते, म्हणून प्लवकांबरोबर लहान मासेही त्याच्या पोटात जातात.

नात्यानेही ते दूरचे आहेत. बास्किंग शार्क ग्रेट व्हाइट शार्कच्या गणातला, तर व्हेल शार्क समुद्रतळाशी पडून राहणाऱ्या नर्स शार्कच्या गणातला. व्हेल शार्क उष्ण समुद्रांत राहतो. बास्किंग शार्क मुख्यतः समशीतोष्ण पाण्यात दिसतो, मात्र त्याच्या अंगावर बसवलेल्या, उपग्रहाला माहिती पाठवणाऱ्या टॅगवरून तो उष्ण कटिबंधाखालून, खोल गार पाण्यातून प्रवास करतो हे आता सिद्ध झाले आहे.

बास्किंग शार्कचा जबडा नसला, तर जाणकारही फसतात. मेल्यावर त्याचा जबडा आणि कल्ले आधी गळून पडतात, मागे लहानशी कवटी आणि लांब मानेसारखा कणा उरतो. 1977 मध्ये न्यूझीलंडजवळ एका जपानी मासेमारी जहाजाच्या जाळ्यात असा सांगाडा आला, तेव्हा तो नामशेष सागरी सरपटणारा प्लेसिओसॉर असल्याची चर्चा उठली. पराच्या, म्हणजे पोहण्याच्या कल्ल्यासारख्या अवयवाच्या नव्हे तर माशाच्या पंखाच्या, तंतूंच्या रासायनिक तपासणीतून तो शार्क असल्याचे दिसले.