शेतकरी बाजारातील स्नॅप खरेदी

अमेरिकेत अल्प उत्पन्न असलेल्या कुटुंबांना मिळणारे 'स्नॅप' हे सरकारी अन्नसाहाय्य शेतकऱ्यांच्या उघड्या बाजारात वापरण्याची पद्धत. योजनेचे जुने नाव फूड स्टॅम्प. ते २००८ मध्ये बदलले, तरी लोकांच्या तोंडून गेलेले नाही. आपल्याकडे रेशनवर ठरलेले धान्य मिळते; स्नॅपमध्ये दरमहा 'ईबीटी' कार्डावर रक्कम जमा होते आणि काय घ्यायचे ते घेणारा ठरवतो.

कागदी कूपने होती तोवर परवानाधारक शेतकरी ती नोटांसारखी हातोहात घेत. २००४ पर्यंत सगळ्या राज्यांत कार्डे आली आणि घोडे अडले. त्या काळच्या कार्डयंत्राला वीज आणि टेलिफोनची लाइन लागे. मोकळ्या जागेत तंबू ठोकून भाजी विकणाऱ्याकडे दोन्ही नसे. त्यातून निघालेली तोड म्हणजे टोकन: साऱ्या बाजाराला एकच यंत्र, तेही व्यवस्थापकाच्या टेबलावर. आता बिनतारी यंत्रे आली आहेत, काही शेतकरी स्वतःच कार्ड घेतात, तरी टोकन टिकून आहे.

बाजारात शिरल्यावर आधी ते टेबल गाठावे. किती डॉलर हवेत ते सांगायचे, कार्ड घासून चार आकडी पिन टाकायचा आणि तेवढी लाकडी किंवा प्लास्टिकची टोकने घ्यायची. एक टोकन बहुधा १ डॉलरचे असते. कार्डावरची शिल्लक आधी पाहून ठेवावी. ती मागच्या पावतीवर छापलेली असते, किंवा कार्डामागच्या क्रमांकावर फोन केला की कळते. यंत्र बंद पडल्यास फोनवर मंजुरी घेऊन कागदी व्हाउचर भरता येते, पण त्यात वेळ जातो.

खरी अडचण सुट्या पैशांची. स्नॅपच्या टोकनावर रोख सुटे पैसे देण्यास मनाई आहे. साडेतीन डॉलरच्या मालाला तीन टोकने आणि वर ५० सेंट रोख द्यावेत, नाहीतर चार टोकने देऊन दोन टोमॅटो जास्त मागावेत. शेतकऱ्यांना हे सवयीचे असते. एका बाजाराचे टोकन दुसऱ्या बाजारात सहसा चालत नाही. उरलेली टोकने बऱ्याच ठिकाणी त्याच दिवशी परत देऊन रक्कम कार्डावर वळती करता येते.

भाजी, फळे, अंडी, मांस, मासे, चीज, पाव, मध, मुरंबा हे सगळे चालते. गरम खाद्यपदार्थ, मद्य, साबण आणि शोभेची फुले चालत नाहीत. खाण्याजोगे पीक देणारे बियाणे आणि रोपे मात्र चालतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. एका टोमॅटोच्या रोपाचा खर्च हंगामात सहज भरून निघतो. भोपळ्याबाबत गंमत आहे: खाण्याचा भोपळा चालतो, निव्वळ सजावटीचा नाही. स्नॅपने घेतलेल्या मालावर विक्रीकर लागत नाही.

अनेक बाजार वर जोडरक्कम देतात. डेट्रॉइटमध्ये २००९ साली सुरू झालेली 'डबल अप फूड बक्स' ही त्यातली गाजलेली योजना. न्यूयॉर्क शहरात ईबीटीवर खर्च केलेल्या दर २ डॉलरमागे २ डॉलरचे 'हेल्थ बक्स' कूपन मिळते, दिवसाला १० डॉलरपर्यंत. ही कूपने फक्त ताज्या भाजी-फळांवर चालतात, म्हणून ती पालेभाजीवर खर्चून टोकने अंडी-पावासाठी राखणे फायद्याचे. मागितल्याशिवाय ती मिळतीलच असे नाही, टेबलावर विचारावे. गरोदर स्त्रिया, लहान मुलांच्या आया आणि ज्येष्ठांसाठीची हंगामी कूपने हा वेगळा प्रकार: ती टेबलावर न बदलता थेट शेतकऱ्याला देतात.

बाजार उठल्यावर विक्रेते टोकने मोजून चिठ्ठीसह व्यवस्थापकाकडे देतात आणि पैसे नंतर त्यांच्या खात्यात येतात. जमलेली टोकने विक्रेत्याने स्वतःच्या खरेदीला वापरली की सरकारकडून आलेल्या रकमेचा आणि टोकनांचा मेळ बसत नाही, म्हणून त्याला बंदी असते.