घरची हॉपी एल आणि कडूपणाचा आकडा

घरी हॉपी एल या बिअरची बॅच करणाऱ्याची आजची वही उघडली, तर हॉप्सचे, म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुगंध देणाऱ्या वेलीच्या फुलांचे, बहुतेक वजन आच बंद केल्यानंतरच्या ओळींत दिसते. उकळीच्या सुरुवातीला थोडेसे, कधी तेही नाही. मग वर्ट (माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, गोड काढा) ८० अंशांच्या आसपास आणून त्यात हॉप्स भिजत ठेवायचे, आणि आंबवण ओसरू लागली की फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवणीच्या भांड्यात, भरघोस ड्राय हॉप – न उकळता थेट टाकलेले हॉप्स. चाळीस वर्षांपूर्वीच्या वहीत नेमके उलटे होते: मोठे वजन पहिल्या ओळीत, ‘६० मिनिटे’ या शिक्क्यासह, आणि शेवटी वासापुरते थोडे. दोन्ही वह्यांत बिअरचे वर्णन मात्र एकाच शब्दात केलेले असते – हॉपी. तेव्हा या शब्दाचा अर्थ कडू असा होता. आता त्याचा अर्थ वासाची, रसाळ, फळांची आठवण करून देणारी असा झाला आहे. हा बदल समजून घ्यायचा, तर कडूपणा मोजणाऱ्या एका आकड्याशी थोडे भांडावे लागते.

जुना इतिहास थोडक्यात. इंग्लंडमध्ये पंधराव्या शतकात ‘एल’ म्हणजे हॉप्स न घातलेले पेय, आणि ‘बिअर’ म्हणजे समुद्रापलीकडच्या सखल प्रदेशांतून आलेले हॉप्सचे पेय. त्या हिशेबाने ‘हॉपी एल’ हा शब्दप्रयोगच कुणाला कळला नसता. हॉप्समुळे बिअर टिकते हे कळल्यावर हा भेद पुसट होत गेला, आणि एल हा शब्द उबदार तापमानात, वर फेस धरणाऱ्या यीस्टने आंबवलेल्या बिअरला चिकटला. बव्हेरियातला १५१६ चा नियम घरगुती ब्रूइंगच्या गप्पांत हमखास निघतो. पाणी, बार्ली आणि हॉप्स एवढेच घालायचे, असे तो सांगतो. आजच्या हॉपी एलच्या घडणीशी त्याचा संबंध फार दूरचा आहे.

संबंध आहे तो इंडिया पेल एलचा. एका लंडनवाल्याने भारताच्या प्रवासात टिकावी म्हणून ही बिअर शोधून काढली, ही गोष्ट अजून सांगितली जाते, पण ती खरी नाही. उष्ण प्रदेशात जाणाऱ्या बिअरला जास्त हॉप्स घालावेत, हा सल्ला १७६० च्या दशकातच छापलेला होता. भारतात बिअर आधीपासून जात होती, आणि त्यात काळी पोर्टरही भरपूर होती. १८२० च्या दशकात इंग्लंडमधल्या बर्टन गावचे ब्रूअर या व्यापारात उतरले. तिथल्या विहिरींचे पाणी जिप्समयुक्त, त्यामुळे फिकट बिअरमधला कडवटपणा कोरडा आणि नेटका लागे. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे नाव छापील जाहिरातीत दिसते ते १८२९ मध्ये, आणि तेही सिडनीतल्या वर्तमानपत्रात. म्हणजे शैली आधी रुजली होती, नाव मागून आले.

त्या काळच्या हॉप्सचे प्रमाण मात्र आजही नजरेत भरते. एका इंग्लिश बॅरलला साधारण ४ ते ६ पौंड, म्हणजे लिटरला ११ ते १७ ग्रॅम. आजच्या धूसर, जड ड्राय हॉप घातलेल्या एललाही घरी जवळपास तितकेच वजन लागते. वजन जवळजवळ तेच, पण त्यातले बहुतेक तेव्हा उकळत्या भांड्यात जात असे, आता फर्मेंटरमध्ये जाते. पिंपात ड्राय हॉप करणे त्यांनाही ठाऊक होते, पण ती शेवटची भर असे. मुख्य काम कडूपणाचे आणि टिकण्याचे होते.

त्यानंतरचा दीडशे वर्षांचा काळ घरगुती ब्रूअरसाठी ओहोटीचा. ब्रिटनने १८८० मध्ये कर माल्टवरून उचलून बिअरवर नेला, आणि घरी बिअर करणाऱ्यालाही परवाना घ्यावा लागू लागला. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश बिअर एकूणच पातळ झाली. इंडिया पेल एल नाव लावलेली बिअरही इतकी सौम्य झाली, की नाव आणि वस्तू यांचा मेळच राहिला नाही. परवान्याची अट १९६३ मध्ये गेली, आणि घरगुती बिअर पुन्हा उघडपणे होऊ लागली. पण हाताशी काय होते? आधीच हॉप्स घातलेल्या माल्ट अर्काचा डबा, झाकणाखाली कोरड्या यीस्टची पुडी, आणि वर किलोभर साखर. सुटे हॉप्स मिळालेच तर तपकिरी पडलेले, चीजसारखा वास मारणारे. अशा हॉप्समधून सुगंध काढता येत नाही, फक्त कडूपणा काढता येतो. म्हणून त्या पिढीने हॉपी म्हणजे कडू असे मानले, यात तिची चूक नव्हती.

अमेरिकेत परिस्थिती आणखी बिकट होती. दारूबंदी १९३३ मध्ये उठली, घरी वाइन करायला मुभा मिळाली, पण बिअर त्या सवलतीतून वगळली गेली. हे राहून गेलेले कलम दुरुस्त व्हायला ऑक्टोबर १९७८ उजाडला. कायदा १ फेब्रुवारी १९७९ पासून लागू झाला: एका प्रौढ माणसाच्या घरात वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २००. राज्यांना मात्र आपापले नियम ठेवायची मोकळीक होती, आणि शेवटच्या दोन राज्यांनी, अलाबामा आणि मिसिसिपीने, घरगुती ब्रूइंगला मान्यता दिली ती थेट २०१३ मध्ये.

त्याआधी एक गोष्ट शांतपणे घडून गेली होती. ओरेगनमधल्या सरकारी संशोधन केंद्रात १९५६ मध्ये सुरू झालेल्या संकरातून १९७२ मध्ये ‘कॅस्केड’ नावाचे हॉप बाहेर पडले. त्याचा वास ग्रेपफ्रूटच्या सालीसारखा, थोडा फुलांचा. मोठ्या कारखान्यांना हवी असलेली युरोपीय हॉप्सची मऊ छटा त्यात नव्हती. तिखट, परका वास म्हणून बाजूला पडू लागलेले हे हॉप लहान ब्रूअरनी उचलले. १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्याचा भरपूर वापर करून एक एल निघाली. १९८० मध्ये चिको गावात, पूर्वी घरगुती ब्रूइंगचे सामान विकणाऱ्या एका माणसाने आपल्या पेल एलचा पायाच कॅस्केडवर घातला. हॉपी या शब्दाने वळण घेतले ते इथे, असे मला वाटते. इंग्लिश बर्टनपेक्षा ओरेगनच्या वाफ्याचे ऋण आजच्या बॅचवर अधिक आहे.

आता तो आकडा. आयबीयू हे कडूपणाचे आंतरराष्ट्रीय एकक. ते मुळात कारखान्यांच्या प्रयोगशाळांसाठी होते, स्वयंपाकघरासाठी नव्हे. बिअर आम्लधर्मी करायची, आयसो-ऑक्टेनने त्यातले कडू रेणू ओढून घ्यायचे, २७५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात किती शोषण होते ते पाहायचे, आणि आलेल्या आकड्याला ५० ने गुणायचे. युरोप आणि अमेरिकेतल्या प्रयोगशाळांनी १९६० च्या दशकात हा मार्ग स्वीकारला. हेतू साधा होता: एकाच कारखान्याची या महिन्याची लागर (थंड तापमानात आंबवलेली बिअर) मागच्या महिन्यासारखीच आहे ना, हे ताडून पाहायचे. त्या कामाला तो उत्तम होता आणि अजूनही आहे.

गुंता ५० या गुणकात आहे. एक एकक म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्ल (हॉप्समधल्या अल्फा आम्लापासून उष्णतेने बनणारे कडू रूप), असे सर्रास सांगितले जाते. पण २७५ नॅनोमीटरला फक्त तेच आम्ल दिसत नाही. हॉप्स साठवणीत जुने होताना तयार होणारी संयुगे आणि पॉलिफेनॉल ही तुरट संयुगे यांचेही शोषण त्यात मिसळते. त्या काळचे हॉप्स बरेचदा थंड कोठीत ठेवलेले नसत. ५० हा गुणक अशा हॉप्सच्या, उकळून काढलेल्या, ड्राय हॉप नसलेल्या बिअरवर बेतलेला होता. तो निसर्गाचा स्थिरांक नाही, त्या काळच्या एका सवयीची सरासरी आहे.

हा आकडा घरी कसा आला, तर सूत्रांच्या मार्गाने. घरी अतिनील यंत्र कुणाकडे असणार? मग पाकिटावर छापलेली अल्फा आम्लाची टक्केवारी, उकळीची मिनिटे आणि वर्टची घनता (विरघळलेल्या साखरेमुळे तो पाण्यापेक्षा किती जड आहे) घेऊन अंदाज काढायचा. १९९० च्या दशकात रुजलेले सूत्र अजून बहुतेक संगणकी हिशेबांत आहे. २० लिटरची बॅच, वर्टची घनता १.०५०, आणि ६ टक्के अल्फाचे २८ ग्रॅम कॅस्केड धरा. ६० मिनिटे उकळले तर सूत्र साधारण १९ एकके देते. तेच हॉप शेवटच्या ५ मिनिटांना टाकले तर ४. आणि आच बंद केल्यावर टाकले तर शून्य.

हे शून्य साफ चुकीचे आहे, आणि त्याने घरगुती ब्रूअरना जवळजवळ वीस वर्षे चकवले. अल्फा आम्लाचा रेणू कडू रूपात बदलतो तो उष्णतेने. त्याला उकळी लागतेच असे नाही. तापमान १० अंशांनी उतरले की वेग निम्म्याहूनही खाली येतो, तरी ८० अंशांवरही काम पूर्ण थांबत नाही. लहान भांडे लवकर निवते, मोठे भांडे तासभर गरम राहते. म्हणजे एकच पाककृती कुठे सौम्य, तर कुठे जिभेला ओढ आणणारी होणार. १०० ग्रॅम सिट्रा जातीचे हॉप्स, ज्यात अल्फा १२ टक्क्यांच्या आसपास असते, आच बंद करून अर्धा तास भिजवले आणि कागदावर ‘० आयबीयू’ लिहिले, तर ती नोंद ग्लासातल्या बिअरशी जुळणार नाही. माझ्या जुन्या वहीत अशा नोंदी पानोपानी आहेत.

ड्राय हॉपने तर मोजणीच कोलमडते. थंड बिअरमध्ये अल्फा आम्ल फारसे बदलत नाही. पण हॉपच्या फुलात साठवणीत तयार झालेले ह्युम्युलिनोन सहज विरघळतात, आणि आयसो-अल्फाच्या तुलनेत त्यांचा कडूपणा दोन तृतीयांशाच्या आसपास असतो. त्याच वेळी बिअरमधले थोडे आयसो-अल्फा हॉपच्या चोथ्याला चिकटून निघून जाते. त्यामुळे कमी कडू बिअर ड्राय हॉपने अधिक कडू होते, आणि खूप कडू असलेली प्रत्यक्षात मऊ होऊ शकते. प्रयोगशाळेतला आकडा या दोन्ही हालचाली एकाच शोषणात मिसळून दाखवतो. जिभेला त्या वेगळ्या लागतात.

तरीही हाच आकडा डब्यांवर बढाईसारखा छापला गेला. नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियात दुप्पट ताकदीची इंडिया पेल एल निघाली, आणि पुढची पंधरा वर्षे १००, १२० असे आकडे मिरवले गेले. त्यातले बरेच सूत्रातून काढलेले होते, मोजलेले नव्हते. घरी करणाऱ्यांनी त्यांचा पाठलाग केला, आणि पहिल्याच उकळीत ढीगभर हॉप्स ओतून घसा खवखवणाऱ्या बॅच निघाल्या. या वादात मी तटस्थ नाही. एका चांगल्या शैलीचे दशकभराचे लक्ष या आकड्याने चुकीच्या जागी वळवले, असे माझे मत आहे.

वळण आले ते अमेरिकेच्या ईशान्येकडून. व्हरमाँटमधल्या वॉटरबरी गावात एक छोटा ब्रूपब (जागेवरच बिअर बनवून विकणारा पब) २००० च्या दशकापासून धूसर, मऊ, कमी कडू आणि प्रचंड सुगंधी एल करत होता. ऑगस्ट २०११ च्या पुरात तो ब्रूपब उद्ध्वस्त झाला, आणि त्यानंतर दोनच दिवसांत नव्या जागेतून तीच बिअर डब्यांत भरून बाहेर पडू लागली. डब्यांच्या तळाशी जिवंत यीस्ट होते. घरगुती ब्रूअरनी ते गाळ वाढवून आपापल्या फर्मेंटरमध्ये सोडले, आणि ती शैली त्या गावाबाहेर त्या गाळातूनही पसरली. बिअर स्पर्धांच्या परीक्षणाच्या अधिकृत यादीत या धूसर शैलीला जागा मिळाली ती २०१८ मध्ये. तोवर हजारो घरांत ती होऊन गेली होती.

या शैलीने घरी बिअर करणाऱ्यांना नवे प्रश्न दिले, आणि त्यातला एक फार जुना निघाला. ड्राय हॉपनंतर थांबलेली आंबवण पुन्हा सुरू होते, घनता आणखी उतरते, बाटल्या फुगतात. हॉपच्या फुलातली विकरे न आंबणाऱ्या साखरेचे तुकडे करतात म्हणून हे होते. ब्रिटिश रसायनतज्ज्ञांनी हे १८९३ मध्येच नोंदवले होते. मग ड्राय हॉपचे प्रमाण घटले आणि ती नोंद धूळ खात पडली. २०१० च्या दशकात लोक पुन्हा लिटरला ८-१० ग्रॅम टाकू लागले, तेव्हा ती नव्याने शोधली गेली. अशी बॅच बाटलीत भरण्याआधी घनता सलग तीन-चार दिवस स्थिर आहे का, हे पाहणे तेव्हापासून सक्तीचे झाले.

दुसरा प्रश्न हवेचा. कडू आम्ले थोडी हवा सोसतात, सुगंधी तेले सोसत नाहीत. नळीतून ओतताना शिरलेल्या थोड्या प्राणवायूनेही धूसर एल आठवडाभरात करडी पडते आणि आंब्या-संत्र्याचा वास जाऊन ओल्या पुठ्ठ्याचा येतो. म्हणून एके काळी बाटल्या आणि साखरेवर खूश असणारे हे घरगुती काम कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या केगकडे (धातूच्या बंद पिंपाकडे), बंद नळ्यांकडे वळले. खर्च वाढला, पण चवीतला फरक पहिल्याच ग्लासात कळतो.

नव्या पाककृतींत आयबीयूची ओळ हळूहळू मागे पडते आहे. त्या जागी तीन गोष्टी लिहिल्या जातात: लिटरमागे किती ग्रॅम हॉप्स, कोणत्या तापमानाला आणि किती मिनिटे. भांडे २० लिटरचे असो वा ५० चे, ‘८० अंशांना उतरवून, लिटरला ४ ग्रॅम, २० मिनिटे’ ही नोंद वाचली की करणाऱ्याला काय करायचे ते नेमके कळते.