रेषा की स्तंभ? आलेखांच्या निवडीमागची गोष्ट

जुलैत पावसानं जोर धरला की कोल्हापुरात सकाळचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘पाणी किती फुटांवर गेलं?’ राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. हे आकडे सगळ्यांना पाठ. पण पाणी चढतंय की उतरतंय, आणि किती वेगानं, हे आकड्यांच्या यादीतून चटकन उमगत नाही. दर तासाची पातळी रेषेनं जोडली, 39 आणि 43 वर दोन आडव्या रेघा मारल्या, की सामान माळ्यावर कधी चढवायचं याचा अंदाज शाळकरी पोरालाही येतो.

असे रेषालेख विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसानं 1786 साली छापले, इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे. वर्षानुवर्षांचे आकडे हाताशी होते, म्हणून रेषा. स्कॉटलंडचे मात्र एकाच वर्षाचे मिळाले. एका वर्षाची रेषा ओढणार कशी? मग त्यानं एकेका देशासाठी आडव्या पट्ट्या काढल्या. आज घरोघरी माहीत असलेला स्तंभालेख असा आकड्यांच्या तुटवड्यातून आला. त्यात काळ दिसत नाही, म्हणून खुद्द प्लेफेअरला तो फारच कमी उपयोगाचा वाटला.

इथं मला प्लेफेअर पटत नाही. एका दिवसात गगनबावड्यात किती पाऊस झाला आणि शिरोळमध्ये किती, हे स्तंभांनीच दाखवावं. सकाळी आठ आणि नऊ वाजण्याच्या दरम्यान नदी मधल्या प्रत्येक पातळीतून जाते, म्हणून तिथं रेषेवरच्या प्रत्येक बिंदूला अर्थ असतो. दोन तालुक्यांची नावं रेषेनं जोडली, तर मधला बिंदू कुठल्या गावचा?

वृत्तालेख, म्हणजे वर्तुळाचे वाटे पाडून दाखवलेला आलेख, हाही प्लेफेअरचाच, 1801 सालचा. तुर्की साम्राज्याची जमीन आशिया, युरोप आणि आफ्रिकेत कशी वाटली गेली आहे, हे त्यात होतं. एका अख्ख्या गोष्टीचे वाटे, एवढंच त्याचं काम. राधानगरी, तुळशी, कासारी किती टक्के भरली, हे एका वर्तुळात कोंबणं म्हणूनच चूक: प्रत्येक टक्का वेगळ्या धरणाचा, त्यांची बेरीज शंभर होणार कशी?

डोळ्यांची परीक्षा बऱ्याच उशिरा झाली. 1984 मध्ये अमेरिकेत विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी प्रयोग करून दाखवलं, की एकाच मोजपट्टीवरची उंची माणूस सर्वांत अचूक वाचतो, वृत्तालेखातल्या वाट्यांचे कोन वाचताना जास्त चुकतो. जवळजवळ सारख्या भरलेल्या दोन धरणांत कुठलं पुढं आहे, ते शेजारच्या दोन स्तंभांवरून लगेच दिसतं.