जुळी गर्भधारणा : गुंतागुंतींचे पूर्वानुमान

एकाच गर्भाशयात दोन गर्भ वाढत असताना पुढे कोणती गुंतागुंत उद्भवू शकते, हे गर्भारपणाच्या पहिल्या काही महिन्यांतच अजमावण्याच्या आणि त्यानुसार तपासण्यांचे वेळापत्रक आखण्याच्या वैद्यकीय पद्धतीला जुळ्या गर्भधारणेतील पूर्वानुमान म्हणतात. अपुऱ्या दिवसांची प्रसूती, एका किंवा दोन्ही गर्भांची खुंटलेली वाढ, मातेचा रक्तदाब वाढून होणारा प्री-एक्लॅम्प्सिया आणि एकाच वारेवर (गर्भाला पोसणाऱ्या प्लासेंटावर) पोसल्या जाणाऱ्या जुळ्यांमधील रक्ताची असमान वाटणी या त्यांतील मुख्य गुंतागुंती होत. एकट्या गर्भाच्या तुलनेत जुळ्यांमध्ये धोका अधिक असतो, पण तो सर्व जोड्यांना सारखा नसतो. जोडीचा धोका ठरवणारी सर्वांत महत्त्वाची खूण गर्भधारणेच्या अकराव्या ते चौदाव्या आठवड्यांदरम्यान सोनोग्राफीत स्पष्ट दिसते आणि पुढे ती पुसट होत जाते. त्यामुळे या काळातली एक तपासणी चुकली, तर नंतरच्या अनेक तपासण्यांनीही ती उणीव पूर्णपणे भरून निघत नाही.

ही खूण म्हणजे वारांची संख्या. दोन स्वतंत्र बीजांपासून झालेल्या जुळ्यांना जवळजवळ नेहमीच दोन वारा असतात. एकाच फलित बीजाचे विभाजन होऊन झालेल्या जुळ्यांमध्ये मात्र ते विभाजन कोणत्या दिवशी झाले यावर सारे अवलंबून असते. पहिल्या तीन दिवसांत झाल्यास वारा दोन आणि गर्भजलाच्या पिशव्याही दोन असतात. चौथ्या ते आठव्या दिवसादरम्यान झाल्यास वार एक व पिशव्या दोन असतात, आणि एकबीज जुळ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश याच प्रकारची असतात. आठव्या दिवसानंतर झाल्यास वारही एक आणि पिशवीही एक, आणि तेराव्या दिवसानंतर झाल्यास जोडलेली जुळी संभवतात. सारखी दिसणारी ती एका वारेची आणि वेगळी दिसणारी ती दोन वारांची, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. मुले एकमेकांसारखी दिसतील का, हा कुटुंबाच्या कुतूहलाचा प्रश्न झाला. वार एक आहे की दोन, हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. दोन्ही प्रश्नांची गल्लत झाल्यामुळे तपासणीच्या अहवालात नुसतेच ‘जुळी’ असे लिहून पुढे जाण्याची चूक घडते, आणि ती टाळता येण्याजोगी आहे.

दोन वारा शेजारी शेजारी चिकटून वाढल्या, की त्या सोनोग्राफी यंत्राच्या पडद्यावर एकच असल्यासारख्या भासतात. अशा वेळी दोन पिशव्यांमधला पडदा वारेला जिथे टेकतो ती जागा पाहावी लागते. तिथे वारेची ऊती पाचरीसारखी पडद्यात शिरलेली दिसली, तर तिला लॅम्डा खूण म्हणतात आणि वारा दोन असल्याचे मानतात. पडदा बारीक असून वारेला काटकोनात सरळ टेकलेला दिसला, तर ती टी खूण होय आणि वार एकच असते. चौदाव्या आठवड्यानंतर पडदे पातळ होतात, लॅम्डा काही जोड्यांत नाहीसा होतो आणि दोन वारांची जुळी एका वारेची वाटू लागतात. म्हणून अकराव्या ते चौदाव्या आठवड्यांतली प्रतिमा जपून ठेवावी आणि निष्कर्षाबद्दल शंका राहिल्यास तज्ज्ञ केंद्राचे मत घ्यावे. तरीही निर्णय झाला नाही, तर अन्यथा सिद्ध होईपर्यंत वार एकच आहे असे धरून चालावे, कारण जास्तीच्या तपासण्यांचा त्रास सहन होतो, पण हुकलेल्या तपासणीची किंमत फार मोठी असते. याच वेळी डावा-उजवा किंवा वरचा-खालचा अशा स्थानावरून दोन्ही गर्भांना नावे देऊन ती शेवटपर्यंत तशीच ठेवणे आवश्यक असते. तसे न केल्यास एका तपासणीतील लहान गर्भ पुढच्या तपासणीत कोणता, हेच सांगता येत नाही आणि वाढीची तुलना निरर्थक ठरते. गर्भधारणेचे वय ठरवताना दोघांपैकी मोठ्या गर्भाची लांबी धरतात, कारण लहान गर्भाची लांबी धरली तर आधीच सुरू झालेली वाढीची मंदता झाकली जाण्याचा संभव असतो.

वार एकच असेल, तर तिच्या पृष्ठभागावर दोन्ही गर्भांच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नेहमीच परस्परांना जोडलेल्या असतात. बहुतेक जोड्यांत हा प्रवाह दोन्ही दिशांना तोलला जातो. सुमारे १० ते १५ टक्के जोड्यांत मात्र तो एका बाजूला झुकतो आणि जुळ्यांतील रक्तसंक्रमण संलक्षण (सिंड्रोम) उद्भवते. दाता गर्भाचे रक्त कमी होते, त्याला लघवी कमी होऊ लागते आणि त्याच्याभोवतीचे गर्भजल आटते. ग्राही गर्भाकडे रक्त जास्त जाते, त्याच्या हृदयावर ताण येतो आणि त्याच्या पिशवीत गर्भजल साचते. एका पिशवीतील गर्भजलाची सर्वांत खोल जागा २ सेंटिमीटर किंवा कमी आणि दुसरीतील ८ सेंटिमीटर किंवा अधिक, या मोजमापावर निदान केले जाते. गर्भचिकित्सातज्ज्ञ क्विंटेरो यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या पाच पायऱ्यांच्या वर्गीकरणानुसार त्याची तीव्रता ठरवतात. तीव्र संलक्षणावर उपचार न केल्यास बहुतेकदा दोन्ही गर्भ दगावतात. जोडरक्तवाहिन्या लेसरने बंद करणे आणि जादा गर्भजल वारंवार काढणे या दोन उपायांची तुलना २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत झाली. तीत निदान एक मूल जन्मानंतर २८ दिवस जगण्याचे प्रमाण लेसर गटात ७६ टक्के, तर दुसऱ्या गटात ५६ टक्के आढळले. उपचार उपलब्ध असल्यामुळेच इथे वेळेवर ओळखण्याला इतके मोल आहे.

हे संलक्षण अकराव्या ते चौदाव्या आठवड्यांतच हेरता येईल का, यावर बराच अभ्यास झाला आहे. दोन गर्भांच्या मानेमागील पारदर्शक थराच्या जाडीत २० टक्के किंवा अधिक फरक असणे, त्यांच्या लांबीत १० टक्के किंवा अधिक फरक असणे आणि यकृताजवळील शिरानलिकेतील प्रवाह हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावताना उलटा वाहणे ही त्या काळातली धोक्याची चिन्हे मानली जातात. तथापि ती दिसूनही अनेक जोड्या सुखरूप जन्मतात आणि ती न दिसूनही काही जोड्यांत संलक्षण होते. पहिल्या तिमाहीतील निष्कर्षावरून कोणाकडे अधिक बारकाईने पाहायचे एवढेच ठरते. खरी मदार सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी होणाऱ्या सोनोग्राफीवर असते. दोन वारांच्या जुळ्यांना साधारणतः चार आठवड्यांचे अंतर पुरते. मानेमागील थर जाड दिसल्यास प्रथम गुणसूत्रदोषाची शंका येते, परंतु एका वारेच्या जुळ्यांत तो असमान रक्तप्रवाहाचा प्रारंभही असू शकतो, हे पालकांशी बोलताना विसरता कामा नये.

गर्भजल दोन्हीकडे सारखे असले म्हणजे सारे ठीक आहे असेही नाही. अतिशय बारीक जोडवाहिन्यांतून सावकाश रक्त झिरपत राहिल्यास एक गर्भ पांडुरोगी होतो आणि दुसऱ्याचे रक्त दाट होते. हा प्रकार एका वारेच्या जोड्यांत आपोआप सुमारे ३ ते ५ टक्के, आणि लेसर उपचारानंतर त्याहून अधिक आढळतो. गर्भजलाच्या मोजमापात तो दिसत नाही, म्हणून गर्भाच्या मेंदूतील मधल्या धमनीतील रक्ताचा कमाल वेग डॉप्लरने (रक्तप्रवाह मोजणाऱ्या सोनोग्राफीने) मोजावा लागतो. पांडुरोगी गर्भात हा वेग वाढतो, तर दुसऱ्यात घटतो. एकाच गर्भाची वाढ खुंटली, तर नाळेतील धमनीचा प्रवाह पाहून गर्भाचे तीन प्रकार करतात. प्रवाह सुरळीत असलेल्यांचे भवितव्य सर्वांत आश्वासक असते. तो सतत तुटलेला किंवा उलटा असल्यास प्रकृती ढासळण्याचा धोका मोठा असतो, आणि तो मध्येच येत-जात असल्यास काय घडेल याचा अंदाज बांधणे फार अवघड असते. एक गर्भ दगावल्यास दुसऱ्याचे रक्त अचानक त्याच्याकडे ओढले जाऊन जिवंत राहिलेल्याच्या मेंदूला इजा होऊ शकते. दोन वारांच्या जुळ्यांत हा धोका खूपच कमी असतो.

निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवडे पूर्ण होण्याआधीच जन्मतात. वारा कितीही असोत, त्याचे पूर्वानुमान करण्याचे सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे विसाव्या ते चोविसाव्या आठवड्यांदरम्यान योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत मोजलेली गर्भाशयमुखाची लांबी. ती २५ मिलिमीटर किंवा कमी असल्यास धोका वाढतो. पूर्वी अशा मातांना महिनोन् महिने अंथरुणावर पडून राहण्याचा सल्ला दिला जाई. त्याने अपुऱ्या दिवसांची प्रसूती टळते असे अभ्यासांत दिसलेले नाही, आणि निजून राहण्याने पायांतील शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मात्र वाढतो. लांबी कमी आढळल्याचा खरा उपयोग नवजात अतिदक्षता विभागाची सोय असलेले प्रसूतिस्थान आधीच ठरवण्यासाठी आणि बाळाची फुप्फुसे पक्व होण्यासाठीची स्टेरॉइड इंजेक्शने योग्य वेळी देण्यासाठी होतो.

प्री-एक्लॅम्प्सियाचे प्रमाण जुळ्या गर्भधारणेत एकट्या गर्भाच्या दोन ते तीन पट असते. मातेचा इतिहास, सरासरी रक्तदाब, गर्भाशयाच्या धमन्यांतील प्रवाह आणि वारेपासून स्रवणाऱ्या वाढ-घटकाचे रक्तातील प्रमाण एकत्र करून पहिल्या तिमाहीत धोका काढता येतो. परंतु हे गणित मुळात एकट्या गर्भाच्या मातांवरून बसवलेले असल्याने जुळ्यांच्या मातांपैकी फार मोठ्या भागाला ते धोकादायक गटात टाकते. मातेत धोक्याचे इतर घटकही असल्यास साधारण बाराव्या आठवड्यापासून अल्प मात्रेत अ‍ॅस्पिरिन सुरू करतात, मात्र ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

ठरलेल्या दोन तपासण्यांच्या मधल्या दिवसांत मातेला स्वतःला जाणवणारे बदल पूर्वानुमानाचाच भाग आहेत. पोटाचा घेर काही दिवसांतच झपाट्याने वाढणे, पोट ताणून घट्ट लागणे, आडवे झाल्यावर श्वास लागणे ही ग्राही गर्भाभोवती गर्भजल साचत असल्याची लक्षणे असू शकतात. एका वारेची जुळी असल्याचे माहीत असलेल्या मातेला ती आधीच सांगून ठेवावी लागतात, म्हणजे पुढच्या तारखेची वाट न पाहता ती लगेच तपासणीसाठी येते.