वेझलेची टेकडी, मोरव्हाँचं रान आणि धावणाऱ्याच्या पायाखालची वाट

पॅरिसच्या आग्नेयेला सुमारे दोनशे किलोमीटरवर, बर्गंडीत, वेझले हे टेकडीवरचं गाव आहे. वस्ती जेमतेम चारशे-पाचशेची, पण माथ्यावर सेंट मेरी मॅग्डलीनचं भव्य चर्च. सकाळी त्या चर्चच्या दारातून धावायला निघालं की उतार संपतो तो सँ-पेर गावात. तिथून क्यूर नदीच्या काठाकाठाने पिएर-पेर्त्युई, आणि मग ओक-बीचच्या झाडीतून मोरव्हाँच्या ग्रॅनाइटच्या डोंगराळ पट्ट्यात शिरता येतं. झाडांच्या बुंध्यांवर, दगडांवर, कुंपणाच्या खांबांवर दोन आडवे पट्टे रंगवलेले दिसतात: वर पांढरा, खाली लाल. ही जी.आर. १३ या लांब पल्ल्याच्या पायवाटेची खूण.

असं रान, मधूनच डोकावणारा चर्चचा मनोरा, पायाखाली पाचोळा. पाहणाऱ्याला वाटतं, हे सगळं शतकानुशतकं असंच, कुणाचा हात न लागलेलं असावं. प्रत्यक्षात या वाटेवरची जवळजवळ प्रत्येक गोष्ट माणसाच्या कामाने घडलेली आहे, आणि त्यातलं बरंचसं काम अतिशय कष्टाचं होतं.

सुरुवात फार मागे जाते. सँ-पेरपासून जवळच फाँतेन-साले, म्हणजे खाऱ्या पाण्याचे झरे आहेत. तिथल्या उत्खननात ओकची खोडं पोखरून जमिनीत बसवलेल्या विहिरी सापडल्या. त्या चार हजार वर्षांहून जुन्या आहेत. पुढे रोमन काळात त्याच जागी स्नानगृहं उभी राहिली. मीठ आणायला माणसं येत होती, म्हणजे वाट होती, आणि ओकही होते.

वेझलेला मोठेपण आलं ते अकराव्या-बाराव्या शतकात. येशूची शिष्या मेरी मॅग्डलीन हिचे अवशेष इथे आहेत, असा इथल्या मठाचा दावा होता. त्यामुळे यात्रेकरूंची रीघ लागली. स्पेनमधल्या सांतियागो दे कोंपोस्तेलाला जाणाऱ्या फ्रान्समधल्या चार प्रमुख यात्रामार्गांपैकी एक इथूनच निघतो. ३१ मार्च ११४६ रोजी, ईस्टरच्या दिवशी, क्लेर्व्होच्या मठाचे प्रमुख बर्नार्ड यांनी दुसऱ्या धर्मयुद्धाचं (क्रुसेडचं) आवाहन इथेच केलं. गर्दी चर्चमध्ये मावणार नव्हती, म्हणून टेकडीच्या उतारावर उघड्यावर सभा झाली. त्या जागेची आठवण सांगणारी ला कोर्देलची लहानशी चॅपल आजही उतारावर झाडांमध्ये उभी आहे. ११९०च्या जुलैमध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड आणि फ्रान्सचा राजा फिलिप तिसऱ्या धर्मयुद्धासाठी इथेच एकत्र आले.

मग ओहोटी लागली. १२७९ मध्ये दक्षिणेला प्रोव्हाँसमध्ये मॅग्डलीनचे ‘खरे’ अवशेष सापडल्याचं जाहीर झालं आणि यात्रेकरू तिकडे वळले. वेझलेचं महत्त्व घटत गेलं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर मठाच्या बहुतेक इमारती पाडल्या गेल्या, चर्च तेवढं कसंबसं उरलं.

या भागाच्या रानाची गोष्ट मात्र चर्चपेक्षा वेगळ्या दिशेने गेली, आणि मला तीच अधिक महत्त्वाची वाटते. सोळाव्या शतकात पॅरिस वाढत होतं आणि शहराला जळाऊ लाकूड पुरेना. जवळची जंगलं तोडून झाली होती. मोरव्हाँमध्ये लाकूड भरपूर होतं, पण रस्ते नव्हते. होते ते ओढे. १५४०च्या दशकाच्या अखेरीस व्यापाऱ्यांनी लाकूड पाण्यावरून पॅरिसला न्यायची पद्धत बसवली. ज्याँ रुव्हे या व्यापाऱ्याचं नाव त्यात पुढे येतं. क्लामसी गावात त्याचं स्मारक आहे.

पद्धत अशी. हिवाळ्यात झाडं तोडायची, ठरावीक लांबीचे ओंडके करायचे, प्रत्येकाच्या टोकाला मालकाच्या हातोड्याने शिक्का मारायचा. मग तळ्यांचे बांध उघडून ओढ्यांना कृत्रिम पूर आणायचा आणि ओंडके मोकळे सोडून द्यायचे. कुठे अडकले तर काठाने चालणारी माणसं लांब आकड्यांनी ते सोडवायची. क्यूरवरून येणारं लाकूड वेर्मांतोंच्या बाजूला, योन नदीवरचं क्लामसीला अडवलं जाई. तिथे शिक्के पाहून ज्याचं त्याचं वेगळं करायचं आणि सत्तर-पंचाहत्तर मीटर लांबीचे तराफे बांधायचे. हे तराफे घेऊन तराफेवाले पॅरिसपर्यंत जात. लाकूड पोचवलं की परत यायचं पायी, कित्येक दिवस चालत.

नदीकाठच्या पायवाटांवरून आज धावणाऱ्याने हे ध्यानात घ्यावं. काठाच्या अनेक वाटा ओंडक्यांमागे धावणाऱ्या माणसांनी मळल्या. गुडघाभर थंड पाण्यात, अपुऱ्या मजुरीवर, तीन शतकांहून अधिक काळ हे काम चाललं. रेल्वे आणि दगडी कोळसा आल्यावर ते आटत गेलं. शेवटचे मोकळे ओंडके १९२३ मध्ये सोडले गेले. आज नौकाविहारासाठी प्रसिद्ध असलेलं सेत्तोंचं तळंही मुळात ओंडके वाहून नेण्यापुरतं पाणी साठवायला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बांधलं होतं.

त्या काळी इथली माणसं कशी जगत होती, याची नोंद फ्रान्सचा नामांकित किल्लेबांधणीकार वोबाँ याने करून ठेवली आहे. तो याच मुलखातला, १६३३ मध्ये जन्मलेला. १६७५ मध्ये त्याने जवळचाच बाझोशचा वाडा घेतला. १६९६ मध्ये त्याने वेझले परगण्याचं तपशीलवार वर्णन लिहिलं. त्यात घरं, माणसं, गुरं, शेतं, रानं यांची मोजदाद आहे आणि त्याच तटस्थपणे लिहिलेली गरिबीही: सामान्य लोक जव आणि ओटची कोंड्यासकट भाकर खातात, मांस त्यांच्या वाट्याला क्वचितच येतं. राजाच्या सेवेतल्या सेनानीने कराच्या ओझ्याने पिचलेल्या आपल्या मुलखाबद्दल इतकं स्पष्ट लिहावं, हे मला आजही थोर वाटतं.

आता चर्चकडे परत. १८३४ मध्ये प्रॉस्पेर मेरिमे हे ऐतिहासिक वास्तूंचे सरकारी निरीक्षक वेझलेला आले, तेव्हा चर्च कोसळायच्या बेतात होतं. १८४० मध्ये दुरुस्तीचं काम सोपवलं ते व्हिओले-ल-द्युक या तरुणाकडे. वय २६, एवढं मोठं काम त्याने आधी कधी केलेलं नव्हतं. जवळपास वीस वर्षं तो या कामात होता. त्याने जुन्यात स्वतःची भर किती घातली यावर वाद आहेत, पण तो नसता तर टेकडीवर भग्न भिंतीच उरल्या असत्या, हे मान्य करायला हवं. १९७९ मध्ये चर्च आणि टेकडी जागतिक वारशाच्या यादीत गेली. त्याआधी, १९७६ मध्ये, तिथल्या एका पाद्रीबाबांच्या लक्षात आलं की उन्हाळी अयनदिनाच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या, दुपारी दक्षिणेकडच्या खिडक्यांतून येणारा उजेड सभामंडपाच्या बरोबर मध्यरेषेवर ठिपक्याठिपक्यांनी उतरतो. आठशे वर्षं हा उजेड तिथे पडत होता.

मोठी चर्चं सरकारने वाचवली. लहान गावांतल्या चर्चचं काय? धर्म आणि शासन वेगळं करणाऱ्या १९०५ च्या कायद्यानंतर, त्याआधी बांधलेली बहुतेक गावातली चर्चं त्या त्या ग्रामपंचायतीच्या मालकीची झाली. म्हणून छप्पर गळलं तर खर्च गावाचा, आणि मनोरा म्हणजे गावाची मालमत्ता. शे-दोनशे वस्तीच्या गावाला हे ओझं जड जातं, पण यामुळेच आज दर चार-पाच किलोमीटरवर एखादा मनोरा दिसतो आणि धावणाऱ्याला दिशा सापडते. कारे-ले-तोंब गावात चर्चभोवती शंभराहून अधिक दगडी शवपेट्या आणि त्यांची झाकणं मांडलेली आहेत, सुरुवातीच्या मध्ययुगातली. त्या तिथे एवढ्या संख्येने का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आणखी दक्षिणेला दँ-ले-प्लास. तिथे १९४४ च्या जूनअखेर जर्मन फौजेने २७ पुरुषांना मारलं, त्यातल्या बहुतेकांना चर्चसमोर. मोरव्हाँची रानं तेव्हा प्रतिकार करणाऱ्या गनिमी योद्ध्यांचा आसरा होती. त्या गावातून जाताना वेग कमी करावा.

पायवाटांची व्यवस्था मात्र युद्धानंतरची. ज्याँ लुआझो या भटक्याच्या कल्पनेतून लांब पल्ल्याच्या खुणेच्या वाटांची राष्ट्रीय समिती १९४७ मध्ये उभी राहिली. त्याच वर्षी ऑगस्टअखेर लुआर नदीकाठी ऑर्लेआँ ते बोजाँसी हा पहिला टप्पा खुला झाला. पुढच्या दशकांत शेतजमिनींच्या एकत्रीकरणाने असंख्य जुन्या वाटा नांगराखाली जात होत्या, बांध आणि कुंपणझाडी उपटली जात होती. एकीकडे स्वयंसेवक रंगाचे डबे घेऊन वाटा जोडत होते, दुसरीकडे त्या पुसल्या जात होत्या. १९८३ च्या कायद्याने जिल्ह्यांना पायवाटांची यादी करून त्या राखण्याची जबाबदारी दिली. यादीत आलेली गाववाट विकायची तर आधी पर्यायी वाट द्यावी लागते. मोरव्हाँचं निसर्ग उद्यान १९७० पासून आहे, त्याचाही इथल्या वाटांना आधार मिळाला.

धावणारे या वाटांवर सगळ्यात शेवटी आले. सत्तरच्या दशकापर्यंत फ्रान्समध्ये धावणं म्हणजे मैदान, क्लब आणि संघटनेचा परवाना. १९७२ मध्ये स्वित्झर्लंडमधून ‘स्पिरिदों’ हे फ्रेंच नियतकालिक निघालं. कुणीही, कोणत्याही वयात, बाई असो वा पुरुष, रस्त्यावर आणि रानात धावावं, हा त्याचा आग्रह होता. पुढच्याच वर्षी लोझेर भागात मार्व्हजोल-माँद शर्यत सुरू झाली. १९५२ पासून सँतेतिएन आणि लिओं या शहरांदरम्यान रात्रभर चालण्याचा कार्यक्रम होता, तो १९७७ मध्ये धावणाऱ्यांनाही खुला झाला. १९९५ मध्ये आव्हेरों जिल्ह्यात नाँ इथे तांप्लिए ट्रेल ही रानवाटांवरची शर्यत झाली आणि ‘ट्रेल’ हा शब्द फ्रेंच धावपटूंच्या तोंडी रुळला. या सगळ्यांना आयत्या मिळाल्या त्या यात्रेकरूंच्या, तराफेवाल्यांच्या आणि भटक्यांच्या वाटा.

रान मात्र पुन्हा बदलतं आहे. १९४६ च्या राष्ट्रीय वनीकरण निधीपासून मोरव्हाँमध्ये स्प्रूस आणि डग्लस फरची लागवड झपाट्याने वाढली. आज इथलं जवळपास निम्मं जंगल सूचिपर्णी आहे. सरळ रांगा, खाली अंधार, पक्ष्यांचा आवाज कमी, आणि ठरावीक वर्षांनी अख्खा उतार एकाच वेळी साफ. जमीनमालकांचं म्हणणं असतं की त्यांचं उत्पन्न त्यावरच आहे, तेही खोटं नाही. पण ओक-बीचचं रान राखण्यासाठी इथल्या काही रहिवाशांनी वर्गणी काढून जंगलाचे तुकडे विकत घ्यायला सुरुवात केली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

असा एखादा उतार साफ झाला की पांढऱ्या-लाल पट्ट्याचं झाडही जातं. धावत आलेला माणूस उघड्या उतारावर, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमध्ये थांबतो आणि पुढची खूण शोधतो. काही दिवसांनी जवळच्या गावातलं कुणीतरी ब्रश घेऊन येतं आणि उरलेल्या बुंध्यावर किंवा दगडावर दोन पट्टे काढून जातं.