बॅटन पाससारख्या डावपेचावर बंदी हवी की नको: स्मॉगनच्या सस्पेक्ट टेस्टमध्ये मताचा हक्क कसा मिळतो

पोकेमॉनच्या ऑनलाइन लढतींत एखादी टीम लॅडरवर (क्रमवारीच्या सामन्यांत) सगळ्यांना छळतेय म्हणून ती आपोआप बॅन होत नाही. स्मॉगन या खेळाडूंच्या समुदायाच्या ओयू टियरमध्ये (ओव्हरयूज्ड, म्हणजे सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पोकेमॉनचा गट) बंदीच्या वाटा दोन. प्रकरण उघडच हाताबाहेर गेलेले असेल तर टियरची काउन्सिल (नियम बघणारी निवडक खेळाडूंची समिती) आपसात मत घेऊन क्विकबॅन, म्हणजे झटपट बंदी, करते. वाद शिल्लक असेल तर सस्पेक्ट टेस्ट लागते आणि लॅडरवर पात्र ठरलेले खेळाडू मत देतात. हा निर्णय फक्त पोकेमॉन शोडाउन या ऑनलाइन सिम्युलेटरवरच्या स्मॉगन फॉरमॅटपुरता असतो. डायनामॅक्स (पोकेमॉनला काही फेऱ्यांपुरते अवाढव्य करणे) ओयूमधून डिसेंबर 2019 मध्येच गेले, पण व्हीजीसी या पोकेमॉन कंपनीच्या फॉरमॅटच्या अधिकृत स्पर्धांत ते 2022 पर्यंत खेळले जात होते.

मत देण्याआधी: बंदी कशासाठी

नुसती ताकद हे कारण पुरत नाही. गोष्ट ब्रोकन (अतिबलवान) आहे, अनकॉम्पिटिटिव्ह (कौशल्याला वाव न देणारी) आहे किंवा मेटागेमला, म्हणजे टियरमधल्या एकूण खेळाला, घातक आहे, यांपैकी काहीतरी दाखवावे लागते. दाखवण्याची जबाबदारी बदल मागणाऱ्यावर असते.

बॅटन पासची साखळी हे त्याचे उत्तम उदाहरण. ही मूव्ह (चाल) वापरून बाहेर जाणारा पोकेमॉन आपले सगळे स्टॅट बूस्ट, म्हणजे वेग, बचाव वगैरेंत झालेली वाढ, आत येणाऱ्याला देतो. स्कोलिपीड हा पोकेमॉन स्पीड बूस्ट या आपल्या क्षमतेने वेग चढवणार, पुढचे दोघे-तिघे डिफेन्स आणि स्पेशल डिफेन्स चढवणार. समोरच्याने टाँट (बूस्ट चढवणे रोखणारी मूव्ह) किंवा रोअर (पोकेमॉनला मैदानाबाहेर घालवणारी मूव्ह) मारायला घेतले की एस्पिऑन हा पोकेमॉन मॅजिक बाउन्स या क्षमतेने ते त्याच्यावरच उलटवणार. शेवटी स्टोअर्ड पॉवर ही हल्ल्याची मूव्ह. तिची मूळ ताकद 20, पण प्रत्येक बूस्टमागे 20 वाढते, म्हणजे दहा बूस्टवर 220. हेझसारखा (सगळे बूस्ट पुसणारी मूव्ह) नेमका तोडगा टीममध्ये नसेल तर सामना टीम प्रिव्ह्यूलाच, म्हणजे सुरुवातीला दोघांच्या टीम दिसतात तिथेच, संपलेला असतो, आणि तोडगा असेल तर साखळीवालाच तिथे हरलेला असतो. कोण चांगला खेळला याला दोन्हीकडे फारसे महत्त्व उरत नाही. म्हणूनच ही बंदी योग्य होती असे आमचे स्पष्ट मत आहे.

बंदी नेमकी कशावर, हा त्याहून अवघड प्रश्न. पोकेमॉन खेळांच्या सहाव्या पिढीत आधी टीममध्ये बॅटन पासवाले तीनच चालतील असा नियम आला, मग एकच, आणि त्यानेही वेगासोबत दुसरा बूस्ट पुढे द्यायचा नाही अशी अट जोडली गेली. सातव्या पिढीत अखेर मूव्हच काढून टाकली. ठिगळे लावत बसण्यापेक्षा हे आधीच करायला हवे होते. उलटे उदाहरणही आहे. पाचव्या पिढीत 2011 साली ड्रिझल (पाऊस आणणारी क्षमता) आणि स्विफ्ट स्विम (पावसात वेग वाढवणारी क्षमता) एकाच टीममध्ये नको, असा जोडबंदीचा नियम झाला. त्यामुळे पावसाच्या टीम वाचल्या, पण प्रत्येक वादात ‘आमच्यासाठीही असाच अपवाद करा’ म्हणायला लोकांना दाखला मिळाला. आता असल्या गुंतागुंतीच्या बंद्या शक्यतो टाळतात.

पात्रता

वय, देश, ओळखपत्र यांतले काही लागत नाही. स्मॉगन फोरमवर खाते आणि शोडाउनवर या टेस्टसाठी नवे खाते, एवढेच. नव्या खात्याच्या नावाला टेस्टच्या सूचनेत (फोरमवरच्या घोषणेत) दिलेला उपसर्ग लावायचा. शोडाउनवर नाव 18 अक्षरांत बसवावे लागते, म्हणून उपसर्गानंतरचे नाव छोटेच ठेवा. नाव घेतल्याबरोबर पासवर्ड टाकून ते रजिस्टर करा. नुसते नाव टाकून खेळत राहिलात तर ते दुसराच कोणी रजिस्टर करू शकतो.

खरी अट जीएक्सईची. लॅडरवरच्या सरासरी खेळाडूविरुद्ध जिंकण्याची तुमची अंदाजे शक्यता म्हणजे जीएक्सई. नेहमीची मोजपट्टी अशी: 50 सामने आणि किमान 80 जीएक्सई. 80 च्या वर प्रत्येक 0.2 ला एक सामना कमी, म्हणजे 82 ला 40 आणि 84 ला 30. तिसाच्या खाली सूट नाही. टेस्टनुसार आकडे बदलतात, म्हणून त्या वेळची सूचना वाचल्याशिवाय पहिला सामना लावू नका. चॅटमध्ये /rank टाइप केले की आपला आकडा दिसतो.

गाडी बहुधा सुरुवातीलाच अडते. पहिल्या दहा-पंधरा सामन्यांत रेटिंग जोरात हलते. तिथे चार-पाच पराभव झाले तर उरलेल्या सामन्यांत 80 गाठणे जड जाते. अशा वेळी उपसर्गासह दुसरे नवे खाते काढून पुन्हा सुरू करणे बरे. नवी टीम घासूनपुसून घ्यायची असेल तर ते काम जुन्या खात्यावर करा. संशयित गोष्ट टेस्टच्या काळात लॅडरवर चालू आहे की बंद, हेही सूचनेत बघा, टीम त्यावर ठरते.

दुसऱ्याकडून सामने खेळून घेणे किंवा मित्राशी संगनमत करून जिंकणे, दोन्ही पकडले जाते. मत तर जातेच, वर फोरमवर कारवाई होते.

पुरावा आणि मुदत

अट पूर्ण झाली की थांबा. आणखी एक सामना हरलात तर जीएक्सई 79.9 वर येऊ शकतो. आकडे आणि खात्याचे नाव दोन्ही दिसतील असा स्क्रीनशॉट घ्या आणि सूचनेत सांगितलेल्या पद्धतीने पुरावा द्या. शोडाउन आणि फोरमवरचे नाव वेगळे असेल तर खाते आपलेच आहे हे तिथेच कळले पाहिजे.

लॅडरसाठी साधारण दोन आठवडे मिळतात. मुदत बहुधा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेत लिहिलेली असते. रात्री 11:59 (जीएमटी -4) म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे 9:29. हिवाळ्यात -5 असेल तर 10:29.

मतदान वेगळे होते. पात्र ठरून मत द्यायला विसरणारेही असतात, म्हणून ती तारीख वेगळी टिपून ठेवा. बंदीसाठी 60 टक्के मते लागतात. शंभर मतांपैकी 59 बंदीच्या बाजूने पडली तरी गोष्ट टियरमध्येच राहते. बंदी झाली तर शोडाउनचा व्हॅलिडेटर (टीम नियमांत बसते का हे तपासणारी सोय) जुनी टीम थेट नाकारतो, तेव्हा निकालानंतर पहिली बॅटल शोधण्याआधी टीम एकदा व्हॅलिडेट करून घ्या.