लोखंडाला वास नसतो, मग हाताला येतो तो कशाचा?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात दिवसभर लेथवर उभ्या असलेल्या कामगाराच्या हाताला संध्याकाळी एक वास येतो. साबणानं धुतला तरी जाता जात नाही. केएमटीच्या बसचा दांडा धरून प्रवास केला की आपल्याही तळहाताला तोच वास. ओठ फुटून रक्त आलं की तोंडात उतरते ती चवही त्याच घराण्यातली. रक्तीमुंडीचं, म्हणजे बकऱ्याच्या रक्ताचं आणि मुंडीचं, ताट काहींना नको वाटतं ते यामुळंच. आपण याला ‘लोखंडाचा वास’ म्हणून मोकळे होतो.

पण लोखंडाला वास नाही. वास यायचा तर पदार्थाचे रेणू उडून नाकापर्यंत पोचायला हवेत, आणि लोखंड उकळतं सुमारे २८६० अंश सेल्सिअसला. फाउंड्रीच्या भट्टीतसुद्धा ते नुसतं वितळतं. बसच्या दांड्यावरून ते उडून नाकात जाणार कसं?

वास येतो तो आपल्याच कातडीचा. डीटमार ग्लिंडेमान, अँड्रिया डीट्रिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली हे रसायनशास्त्र उलगडून दाखवलं, आणि मला ते फार आवडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कातडीवर तेलकट थर असतो. त्यातली काही मेदाम्लं हवेतल्या ऑक्सिजनमुळं आधीच थोडी बिघडून त्यांची पेरॉक्साइडं झालेली असतात. पेरॉक्साइडमध्ये दोन ऑक्सिजन अणू एकमेकांना चिकटलेले असतात आणि हा बंध भलताच कच्चा. घामात लोखंडाचा किंचित अंश विरघळतो तो फेरस रूपात, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेला आणि तिसराही द्यायला तयार. तो इलेक्ट्रॉन पेरॉक्साइडला मिळाला की कच्चा बंध तुटतो आणि लोह फेरिक होऊन बाजूला होतं. मागं राहतो एक अस्थिर तुकडा, ज्याला मूलक म्हणतात. तो शेजारचा कार्बन-कार्बन बंध तोडून टाकतो आणि लांब साखळीतून छोटी, उडून जाणारी अल्डिहाइडं आणि कीटोनं सुटतात. त्यांतला म्होरक्या म्हणजे १-ऑक्टीन-३-ओन: आठ कार्बनचं कीटोन, टोकाला दुहेरी बंध. त्याला अळंबीसारखा, धातूसारखा वास येतो. हवेच्या अब्ज भागांत याचा एक भागही नसला तरी नाकाला कळतं. फेरिक लोहाचं द्रावण कातडीला लावलं तर मात्र हा वास येत नाही, कारण त्याच्याकडं द्यायला तो इलेक्ट्रॉनच उरलेला नसतो.

तोंडातही हाच कारखाना चालतो. लाळेत आणि तोंडाच्या अस्तरात मेद आहेतच. लोहाची गोळी, म्हणजे बहुधा फेरस सल्फेट, आपला जुना हिराकस, चुकून तोंडात विरघळली की वास घशाच्या मागून नाकात चढतो आणि आपण दोष जिभेला देतो. नाक चिमटीत धरा, लोखंडी ‘चव’ बरीचशी गायब होते. सोडा, पुन्हा हजर. (गोळी मुद्दाम चघळू नका, आणि चहाबरोबर तर घेऊच नका, चहातली टॅनिनं लोह अडवतात.)

दुधाच्या धंद्यात हा १-ऑक्टीन-३-ओन रेणू कातडीच्या कितीतरी आधी सापडला होता. धातूसारखी चव आलेल्या दुग्धमेदातून तो १९६२ सालीच वेगळा काढला गेला. तांबं किंवा लोह दहा लाखात एखादा भाग जरी दुधात उतरलं तरी मेद बिघडायला लागतो. डेअऱ्यांमध्ये सगळीकडं स्टेनलेस स्टील दिसतं, त्यामागं हेही एक कारण आहे. गंगावेशच्या कट्ट्यावर समोर पिळलेलं दूध तिथंच पिणाऱ्याला ही भीती नाही.

दाढेत चांदी भरलेली असेल आणि चंदेरी कागद दाताखाली आला तर बसणारा झटका मात्र निराळा. तिथं लाळेत दोन धातूंची बॅटरी होते आणि वीज थेट दाताच्या नसेला लागते. अठराव्या शतकात झुल्त्सर या स्विस तत्त्वज्ञांनी शिसं आणि चांदी एकत्र जिभेवर धरली तेव्हा त्यांना हिराकसाची चव आली, आणि वेगवेगळी धरली तेव्हा काहीच नाही!

तांबं-पितळेचं गणित आणखी वेगळं. तांब्याचे क्षार खरोखर जिभेवर कडू लागतात, शिवाय लाळेतल्या प्रथिनांना बांधून टाकतात. लाळेचा बुळबुळीतपणा गेला की जीभ टाळूला खरखरीत लागते, तोच तुरटपणा. नाक धरून तो जात नाही, कारण तो स्पर्श आहे. पितळी पातेल्याची कल्हई उडाली आणि त्यात ताक ठेवलं की ते कळकतं ते याच मार्गानं: ताकातलं आम्ल तांबं आणि जस्त ओढून घेतं. कथलाची कल्हई ते थोपवून धरते.

म्हणून ‘तांब्याच्या बाटलीतलं पाणी सगळे रोग पळवतं’ असे व्हिडिओ पाठवणाऱ्यांना दोन शब्द. रात्रभर तांब्यात ठेवलेल्या पाण्यातले बरेच जंतू मरतात, हे खरं. मधुमेह पळतो, विषारी द्रव्यं निघून जातात, हे कुणी दाखवलेलं नाही. पिण्याच्या पाण्यात तांबं लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. साध्या पाण्यात ते सहसा या मर्यादेत राहतं. पण त्याच बाटलीत लिंबू पिळून, सरबत करून फिरायला निघालात तर आम्ल आपलं काम चोख करतं, आणि मग मळमळतं. बाटलीत साधंच पाणी भरा. कळकट लागलं तर ओतून द्या.